मांजर ट्रे सोडून गादीवर शू करतंय? आधी एवढं बघा

मांजर मुद्दाम त्रास देतंय हे आधी डोक्यातून काढा. बोका असेल, सारखा ट्रेमध्ये जाऊन कुंथत असेल आणि लघवी थेंबथेंब किंवा अजिबात होत नसेल, तर पुढचं नंतर वाचा, आत्ता डॉक्टरकडे न्या. मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं.

तब्येत ठीक असेल तर ट्रेकडे वळा:

- लिटरमधले, म्हणजे ट्रेमधल्या वाळूतले, गोळे रोज दोनदा काढा.
- एका मांजराला दोन ट्रे, आणि ते वेगवेगळ्या जागी. शेजारी ठेवलेले दोन म्हणजे तिच्या लेखी एकच.
- वॉशिंग मशीनजवळ ट्रे नको. ड्रायर घरघरला की ती पळते आणि पुन्हा तिकडे फिरकत नाही.
- लिटर बारीक, बिनवासाचं. सुगंध आपल्या नाकासाठी असतो.

खरा घोळ पुसण्यात होतो. आपला हात सरळ फिनाइलच्या बाटलीकडे जातो. ते मांजरांना विषारी असतं; पंजांना लागतं आणि पंजे त्या चाटतातच. एन्झाइम क्लीनर (लघवीचा वास मुळापासून घालवणारं द्रव) आणा, गादीत खोल मुरेल इतकं ओता आणि आपोआप वाळू द्या. वास उरला तर ती तिथेच परत जाणार.

ओरडणं, तिचं नाक शूमध्ये घासणं बंद. त्याने ती फक्त सोफ्यामागे लपून करायला शिकते.

नसबंदी झाली आहे का, तेही बघा. झाली नसेल आणि मांजर उभ्याने, शेपूट थरथरवत भिंतीवर लघवीचा फवारा मारत असेल तर आधी ती करून घ्या, बहुतेक बोक्यांचं त्याने थांबतं. डिफ्यूझर (मांजराला शांत करण्यासाठी प्लगला लावायचं यंत्र) वगैरे खर्च सध्या राहू द्या.