श्रद्धा नसलेल्यानं नाताळ साजरा करावा का?

डिसेंबर जवळ आला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "माझा देवावर विश्वास नाही. मग मी नाताळ साजरा केला तर ते ढोंग नाही का?" आणि याच दिवसांत, कधीकधी त्याच घरातून, उलटा प्रश्नही येतो. "यांचा विश्वास नाही, तरी यांना झाड हवं, दिवे हवेत, भेटी हव्यात. ही आमच्या सणाची थट्टा नाही का?"

एका कुटुंबानं हे दोन्ही प्रश्न एकाच बैठकीत माझ्यासमोर ठेवले होते. त्यांची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहायला त्यांची हरकत नाही.

नवरा नास्तिक, तोही वाचून, विचार करून झालेला. बायको ख्रिस्ती घरात वाढलेली, पण श्रद्धेबद्दल विचारलं की "मला नक्की सांगता येणार नाही" म्हणणारी. तिची आई त्यांच्याकडेच राहायची. रोज पहाटे बायबल वाचणारी, मोजकं बोलणारी बाई. मुलगी आठ वर्षांची. २४ तारखेच्या रात्रीच्या उपासनेला तिला आजीबरोबर पाठवायचं का, यावरून ठिणगी पडली होती. बाबा म्हणाले, नाही. आजी म्हणाल्या, मग घरात झाडही नको. बायको दोघांच्या मध्ये. महिनाभर घरात कामापुरतंच बोलणं चाललं होतं.

पहिल्या भेटीत नवऱ्यानं इतिहास मांडला. बायबलमधल्या शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रांत, त्याच्या जन्माची तारीखच नाही. रोमन लोकांचा सॅटर्नेलिया हा सण १७ डिसेंबरपासून चालायचा. सम्राट ऑरेलियननं इ.स. २७४ मध्ये अजिंक्य सूर्याचं मंदिर उभारलं. सगळ्याचा रोख एकच, "हा सण मुळात तुमचा नाहीच." सासूबाई शांतपणे ऐकत होत्या. त्यांचा चेहरा मात्र मिटत चालला होता.

हा युक्तिवाद माझ्याकडे दरवर्षी कुणी ना कुणी घेऊन येतं, म्हणून माझं मत स्पष्टच सांगते. घरातल्या भांडणात तो कुचकामी आहे. शिवाय वाटतो तितका पक्काही नाही. २५ डिसेंबर ही येशूच्या जन्माची तारीख म्हणून इ.स. ३५४ मध्ये संकलित झालेल्या एका रोमन दस्तऐवजात सापडते आणि त्यातली ती नोंद ३३६ सालापर्यंत मागे जाते, असं मानतात. पण त्या दिवसाची सूर्याच्या जन्माशी जोडलेली नोंदही त्याच दस्तऐवजात आहे. कुणी कुणाचं उचललं यावर अभ्यासकांत एकमत नाही. गर्भधारणा २५ मार्चची धरून पुढे नऊ महिने मोजले आणि ही तारीख आली, असंही एक मत आहे. ते काही असो. त्या रात्री हात जोडून बसलेल्या बाईला सतराशे वर्षांपूर्वी त्या दिवशी आणखी कुणी काय साजरं केलं, यानं काय फरक पडतो? तिला एवढंच कळतं की जावई आपल्याला खोटं पाडतोय.

मी चर्चा थांबवली आणि तिघांना वेगवेगळे कागद दिले. २४ च्या सकाळपासून २५ च्या रात्रीपर्यंतचा तुमचा नाताळ घड्याळाच्या क्रमानं लिहा. काय करता, कुणाबरोबर, तोंडानं काय म्हणता. मतं नकोत. मग तीन खुणा करा. कशावाचून चुकल्यासारखं वाटेल, काय प्रामाणिकपणे करताच येणार नाही, आणि कशाचं सोयरसुतक नाही.

कागद वाचून दाखवले तेव्हा खोलीतला नूरच पालटला.

आजींच्या कागदावर झाड नव्हतं. सांताक्लॉज नव्हता, भेटवस्तू नव्हत्या. उपासना, वचनाचं वाचन आणि मुलीचा हात धरून चर्चकडे जाणं, एवढंच. त्या कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंट घरात वाढल्या होत्या. बायबलमध्ये सांगितलेला नाही तो सण कशाला, असं त्यांचे वडील म्हणायचे आणि २५ तारीख जवळजवळ इतर दिवसांसारखीच जायची. झाड घरात आलं ते लेकीच्या हट्टानं. इतकी वर्षं त्यांनी ते निमूटपणे चालवून घेतलं होतं. म्हणजे जावयाला नमवण्यासाठी ज्या झाडावर त्या घाव घालायला निघाल्या होत्या, ते त्यांना स्वतःला कधी नकोच होतं.

झाडावर जीव होता तो नास्तिक जावयाचा. दिवे, भावंडांशी बोलणं, आणि चक्क नाताळची गीतं! सोयरसुतक नाही या रकान्यात त्यानं सांताक्लॉज टाकला होता. करता येणार नाही असं एकच होतं, सगळ्यांबरोबर उभं राहून विश्वासांगीकार, म्हणजे उपासनेतली श्रद्धेची कबुली, म्हणणं. चौदाव्या वर्षी एका धर्मशिक्षकानं त्याला तो चारचौघांत पुन्हा पुन्हा म्हणायला लावला होता, कारण त्यानं मधेच एक शंका विचारली होती.

बायकोनं लिहिलं होतं, "रात्री आईबरोबर चालत जाणं. आत काय चालतं ते मला फारसं आठवत नाही."

आधी हसल्या त्या आजी.

भांडणाची रेघच चुकीच्या जागी मारली गेली होती. श्रद्धाळू एकीकडे, नास्तिक दुसरीकडे, आणि सण म्हणजे श्रद्धेची मालमत्ता, असं तिघांनीही धरून चाललं होतं. जावयाला इतिहासाची आवड होती, तेव्हा मीही त्याला थोडा इतिहास ऐकवला. इंग्लंडच्या संसदेनं १६४७ मध्ये नाताळ रद्द केला, तो देव मानत नव्हते म्हणून नव्हे, तर प्युरिटन मंडळी फार कडवी धार्मिक होती म्हणून. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९ पासून नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, तो कायदा १६८१ मध्ये उठला. स्कॉटलंडमध्ये तर २५ डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी १९५८ मध्ये आली. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे लोक आजही नाताळ पाळत नाहीत. आणि सोव्हिएत संघात धर्मविरोधी मोहिमेत हद्दपार झालेलं झाड १९३५ च्या अखेरीस परत आणलं ते त्याच निरीश्वरवादी राजवटीनं, नववर्षाचं झाड म्हणून. धर्मनिष्ठांनी सण बंद पाडला आणि देव न मानणाऱ्यांनी झाड लावलं, असंही घडलेलं आहे. आजींना प्युरिटनांचा भाग मनापासून पटला. जरा जास्तच.

आता ढोंगाचा प्रश्न. माझी कसोटी अशी आहे की ती कृती तुम्हाला काय म्हणायला लावते ते पाहावं. काही कृतींत प्रथमपुरुषी वाक्य असतं. "मी विश्वास ठेवतो" हा विश्वासांगीकार, बाप्तिस्म्याच्या वेळची वचनं, प्रभुभोजन (उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस) घेणं. मनात नसेल तर इथे सामील होऊ नये. श्रद्धा नसलेल्यानं प्रभुभोजन घेऊ नये असं बहुतेक चर्चही सांगतात, त्यामुळे जागेवर बसून राहण्यात अनादर नाही. उलट, दुसरा जे पवित्र मानतो ते तुम्ही गांभीर्यानं घेतलंत, असाच त्याचा अर्थ होतो. बाकीच्या कितीतरी गोष्टी कसलाच दावा करत नाहीत. दिवा लावणं, बाकावर शेजारी बसणं, इतर उभे राहिले की उभं राहणं, कुणाला भेटायला जाणं. गाण्यांचं मात्र मधलं आहे. शब्द श्रद्धेचे, पण माणसं गातात ती बऱ्याचदा एकमेकांसाठी. या जावयाला गाता येतं. माझ्याकडे येणाऱ्या दुसऱ्या एका बाईंचा आवाज त्या ओळींवर बंद होतो. दोघांचंही बरोबर आहे. इथे मी नियम करत नाही.

मुलीचा प्रश्न मला सर्वांत सोपा वाटत होता, मोठ्यांना सर्वांत अवघड. "आजी हे मानते, बाबा मानत नाहीत, आई अजून विचार करतेय" हे आठ वर्षांच्या मुलाला पेलतं. मुलांना पेलत नाही ते बाजू निवडणं. म्हणून एकच बंधन घातलं. तिच्यासमोर बाबांनी "खुळचटपणा" म्हणायचं नाही आणि आजींनी बाबांच्या आत्म्याची काळजी बोलून दाखवायची नाही.

दुसरी अट आजींना जड गेली. मी घाई केली नाही. "तुम्ही तुमचं करा, आम्ही आमचं करतो" हे धर्म न मानणाऱ्याला औदार्य वाटतं, पण श्रद्धाळू आजीच्या दृष्टीनं नातीच्या बाबतीत काहीतरी फार मोठं पणाला लागलेलं असतं. तिला ते आवडीनिवडीचं प्रकरण वाटत नाही. आणि जावयाचं न मानणं हाही त्याच्या विवेकाचाच भाग आहे, पुढेमागे भरून निघेल अशी पोकळी नाही, हे आजींना कळायला वेळ लागला. "तुम्ही खोटं बोलणार नाही म्हणून उभं राहून ते म्हणत नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं," असं त्या एकदा जावयाला म्हणाल्या. तो काही बोलला नाही. मात्र पुढच्या भेटीत सासूबाईंची खुर्ची त्यानंच पुढे ओढली.

ठरलं ते असं. मुलगी आजी आणि आईबरोबर उपासनेला जाईल. बाबाही येतील, मागे बसतील, गातील, विश्वासांगीकार म्हणणार नाहीत. हे आजींना आठ दिवस आधी स्पष्ट सांगायचं, म्हणजे त्यांची भलती आशा वाढायला नको आणि ऐनवेळी धक्काही नको. (आधी सांगणं, याइतका उपयोगी सल्ला माझ्याकडे दुसरा नाही.) झाड बाहेरच्या खोलीत. येशूजन्माचा देखावा झाडाखाली न ठेवता आजींच्या टेबलावर, त्यांच्याच इच्छेनं. सांताक्लॉजला दोघांनीही आनंदानं निरोप दिला.

इथे बायको रडली. सांताक्लॉज तिचा होता. आई आणि नवऱ्याचा समेट झाला आणि त्याची किंमत मधल्या माणसानं मोजली. अशा घरांत हे फार होतं, म्हणून ते मी तिथल्या तिथे बोलून दाखवलं. पुन्हा वाटाघाटी झाल्या. मोजा टांगायचा, त्यात भेट येईल, कुणी ठेवली हे कुणीच विचारायचं नाही. आठ वर्षांच्या मुलीला हा व्यवहार बेहद्द पसंत पडला.

नातेवाइकांचा प्रश्न नसेल तर गोष्ट सोपी आहे. कुणी २१ किंवा २२ डिसेंबरचा, सर्वांत मोठ्या रात्रीचा दिवस पाळतं. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मानवतावाद्यांनी २००१ पासून २३ डिसेंबरला 'ह्यूमनलाइट' हा सण सुरू केला. कुणी काहीच करत नाही, तेही ठीक. पण घरच्यांना उत्तर म्हणून वेगळा सण काढणाऱ्यांना मी विचारते, त्या दिवशी तुमच्याबरोबर कोण असणार आहे?

या कुटुंबात मुलीच्या बाप्तिस्म्याचा विषय अजून बाकी आहे. त्या डिसेंबरात आम्ही तो मुद्दाम बाजूला ठेवला होता, कारण सणाच्या गर्दीत असले निर्णय झाले तर ते पुढे कुणीच पाळत नाही. कसोटी तीच लावली तर बाबांना तिथे वचन देता येणार नाही, आणि आजी त्याशिवाय समाधानी होणार नाहीत. जानेवारीत ते पुन्हा यायचे आहेत. या वेळी वेळ आजींनी मागून घेतली आहे.