निसर्ग चक्रीवादळ काही तासांत निघून गेलं, मग रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन-दिवेआगरचे बागायतदार अजून त्याचं नाव का काढतात?

घरांचं म्हणाल तर ती उभी राहिली. ३ जून २०२० च्या दुपारी ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा होता. पत्रे उडाले, कौलं फुटली, विजेचे खांब आडवे झाले. त्यात लॉकडाऊन आणि पाऊस तोंडावर, ताडपत्रीसुद्धा मिळेना. तरी लोकांनी कसंबसं छप्पर घातलं.

वाडीचं, म्हणजे बागेचं, तसं होत नाही. आमची वाडी श्रीवर्धन तालुक्यातच आहे, नारळ-सुपारीची. आंब्याची फांदी मोडली तर खालून धुमारे फुटतात. माड-पोफळीला, म्हणजे नारळ-सुपारीच्या झाडांना, वाढीचा कोंब एकच, तोही शेंड्यात. तो मोडला की खोड उभं दिसतं, पण झाड संपलेलं असतं. पोफळी तर एकमेकींच्या आधाराने दाट वाढलेल्या, उंच आणि सडपातळ. एक पडली ती शेजारच्या दोघींना घेऊन. त्यांच्यावर चढवलेले मिरवेल (काळ्या मिरीचे वेल) गेले, खालची जायफळं चिरडली.

आणि वाचलेल्यांचं काय? सावली गेल्यावर पश्चिमेचं ऊन थेट खोडावर यायला लागलं. हिरवी खोडं त्या बाजूने पिवळी, मग तपकिरी पडली आणि चिरली. हे नुकसान पंचनाम्यात येत नाही, कारण तेव्हा झाड उभंच होतं!

भरपाईबद्दलही लोक विचारतात. बागायतीला सुरुवातीला हेक्टरी ५० हजार जाहीर झाले. ऐकायला बरं वाटतं, पण इकडे वाड्या गुंठ्यांत मोजतात. शंभर गुंठ्यांचा हेक्टर. दहा गुंठेवाल्याच्या वाट्याला येतात पाच हजार. तेवढ्यात पडलेली झाडं तोडून बाहेर काढायची मजुरीसुद्धा सुटत नाही. नंतर ओरड झाल्यावर झाडामागे पैसे द्यायचं ठरलं. माझ्या मते ते पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

पोफळ लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षं लागतात, जायफळालाही साधारण तेवढीच. रोपं लावायची तर त्यांनाही सावली हवी, म्हणून आधी केळी लावल्या, मग त्यांच्या आडोशाला पोफळी. तोवर शिपणं, खत, राखण सगळं चालूच, उत्पन्न मात्र जवळपास शून्य. ज्यांची मुलं मुंबईत कमावती होती त्यांनी हा काळ काढला. बाकीच्यांतल्या काहींनी वाडीत पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या, आणि त्यांना नावं ठेवायला मी तरी धजणार नाही.