ग्रामप्रियाची घरची पिल्लं अंडी कमी का देतात?

शाहूवाडी तालुक्यातल्या बचत गटाच्या एका ताईंनी विचारलंय: "दोन वर्षांपूर्वी ग्रामप्रियाची पिल्लं आणली, कोंबड्यांनी भरपूर अंडी दिली. त्याच अंड्यांवर गावरान कोंबडी बसवून पिल्लं काढली, पण त्या तलंगा तेवढी अंडी देत नाहीत. आमचं काय चुकलं? आणि संशोधन करून गावरान कोंबडीचीच अंडी वाढवता येत नाहीत का?"

ताई, तुमच्या सांभाळण्यात चूक नाही. ग्रामप्रिया ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची संकरित जात. तिचे आई-बाप वेगवेगळ्या वंशांतले, पिढ्यान्‌पिढ्या निवड करून जपलेले. त्यांच्या पहिल्या पिढीला संकराचा जोम असतो. परड्यात नीट सांभाळलं तर वर्षाला 160 ते 180 अंडी मिळतात. त्याच कळपातले कोंबडा-कोंबडी एकमेकांना लावले की जनुकं नव्याने मिसळतात, जोम निम्म्याच्या आसपास उतरतो आणि पिल्लं एकसारखी राहत नाहीत. संकरित मक्याचं घरचं बी आपण पेरत नाही, तसंच हे. अंड्यांसाठी दर खेपेला नवी पिल्लं आणा. कोल्हापूरच्या सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात चौकशी करा, आणि मरेक्स या कोंबड्यांच्या विषाणू रोगाची लस टोचलीय का हे आवर्जून विचारा.

तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. गावरान कोंबडी वर्षाला साधारण 50 ते 80 अंडी देते, कारण ती वरचेवर खुडूक बसते, म्हणजे अंडी घालणं सोडून उबवायला बसते. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढलं की अंडी थांबतात. मग 21 दिवस उबवणीचे आणि पुढचे कितीतरी दिवस पिल्लांमागे. फक्त अंड्यांसाठी पाळायच्या व्यापारी (लेअर) जातींतून हा गुण निवडीनेच काढला गेला. इज्जतनगरच्या पक्षी संशोधन संस्थेने असील आणि कडकनाथ या देशी जातींचा कारी रेड या जातीशी संकर करून निर्भीक आणि श्यामा या परसातल्या जाती दिल्या. तरीही गावरानाचा खुडूकपणा पार घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लाइट गेली तरी अंडी उबवणारी तीच आहे.

निवड मात्र तुमच्या खुराड्यातही करता येते. कोंबड्यांच्या पायात रंगीत कड्या घाला आणि कोणी किती अंडी दिली ते वहीत मांडा. एखादीने एका वर्षी जास्त अंडी दिली तर ती खाण्याचीही करामत असू शकते. अंड्यांचा आकडा वंशातून थोड्याच प्रमाणात उतरतो. म्हणून जिच्या बहिणीही चांगल्या, तीच धरा. कोंबडा अंडी देत नाही, पण कळपातल्या प्रत्येक पिल्लात निम्मी जनुकं त्याचीच. आपण मात्र तुरा आणि वजन बघून कोंबडा ठेवतो! चांगल्या अंड्यांच्या कोंबडीचा मुलगा ठेवा, आठ-दहा कोंबड्यांमागे एक. त्याच्या मुली अंड्यावर यायच्या आत तो बदला आणि नवा दुसऱ्या गावातून आणा. नात्यात लागवड झाली की अंडी कमी फुटतात, पिल्लं मरतात.

कड्या आजच घाला. सहा महिन्यांची वही घेऊन जनावरांच्या दवाखान्यात या, पुढचा कोंबडा आपण मिळून निवडू.