टिकलीखालचा पांढरा डाग

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ३८. लग्न झाल्यापासून चिकटवायचीच टिकली लावते. दिवाळीपासून बरोबर टिकलीच्या जागी खाज सुटून पांढरा गोल डाग पडलाय. आता पायांवर चपलेच्या पट्ट्यांखालीही तसंच दिसायला लागलंय. सासूबाई म्हणतात, कोड आहे, आंबट बंद कर. शेजारच्या काकू बावचीचं तेल लावून उन्हात बसायला सांगतात. मुलगी बारावीला आहे. पुढे तिच्या लग्नात हे आड येईल का, या काळजीनं झोप लागत नाही.
– एक भगिनी, तासगाव

उत्तर : ताई, बावचीचं तेल आधी बाजूला ठेवा. बावचीत सोरॅलेन नावाचं, कातडीला उन्हासाठी हळवं करणारं द्रव्य असतं. ते लावून उन्हात बसलं की कातडी भाजते. असे टम्म फोड घेऊन मिरजेत माझ्याकडे बायका येतात, आणि भाजल्या जागी पांढरेपणा वाढायची भीती असते ती वेगळीच. सोरॅलेन हे औषध आहे, पण ते मात्रा आणि उन्हाची मिनिटं ठरवून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं.

तुमच्या पत्रातली मोलाची गोष्ट म्हणजे डागांची जागा. कपाळावर टिकलीएवढा गोल आणि पायावर पट्ट्याच्या आकाराचा डाग असेल, तर संशय त्या वस्तूंवरच घ्यायला हवा.

हा माग पहिल्यांदा अमेरिकेत लागला. तिथल्या एका चामड्याच्या कारखान्यात कामगारांचे हात पांढरे पडू लागले होते. ऑलिव्हर, श्वार्ट्झ आणि वॉरन या संशोधकांनी १९३९ साली दाखवून दिलं की दोष कामगार घालत असलेल्या रबरी हातमोज्यांत होता. रबर लवकर खराब होऊ नये म्हणून त्यात हायड्रोक्विनोनचं मोनोबेंझिल इथर मिसळलेलं होतं. हेच रसायन पुढे आपल्याकडे रबरी चपलांमुळे पडणाऱ्या डागांमागेही सापडलं. टिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफेनॉल हे त्याच्याच जातीचं रसायन आढळलं आहे.

ते करतं काय? कातडीतल्या मेलॅनोसाइट नावाच्या पेशी टायरोसिन या अमिनो आम्लापासून रंग बनवतात. ही रसायनं दिसायला टायरोसिनसारखी. पेशीतलं एन्झाइम फसतं, त्यांनाच कच्चा माल समजून कामाला लावतं, आणि त्यातून पेशीला मारणारं विष तयार होतं. काहींच्या बाबतीत शरीराची प्रतिकारशक्तीही मग या पेशींवर उठते आणि रसायन कधी लागलंच नाही अशा जागीही डाग येतात. जपानमध्ये २०१३ साली गोरं करणारी क्रीमं बाजारातून परत घ्यावी लागली, ती अशाच एका रसायनामुळे. हजारो स्त्रियांच्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर पांढरे चट्टे उठले होते. गोरेपणाच्या हौसेची ही किंमत आठवली की मला आजही वाईट वाटतं.

म्हणून चिकटवायची टिकली आणि रबरी चप्पल आजपासून बंद. ब्रँड बदलून पाहू नका. बाजारच्या कुंकवातल्या रंगांनीही काहींना खाज येते, काळपटपणा येतो. तेव्हा काही दिवस कपाळ मोकळंच राहू दे. सासूबाईंना हे पत्र वाचून दाखवा. आंबट खाल्ल्यानं डाग पडत नाहीत. आमटीत चिंच-कोकम खुशाल घाला.

आरशात डाग नीट बघा. त्यावरची बारीक लव अजून काळी आहे का? केसांच्या मुळाशी रंगपेशींचा साठा असतो. तो शाबूत असेल तर रंग तिथूनच परततो. आधी लवेभोवती मोहरीएवढे तपकिरी ठिपके दिसतात, मग ते एकमेकांत मिसळतात. याला महिने लागतात. पायाच्या बोटांवर लव कमी, तिथं आणखी वेळ लागतो.

मात्र नुसत्या पत्रावरून निदान पक्कं होत नाही. टिकलीमुळे आतलं कोड जागं झालंय का, हे बघायला हवं. अंधाऱ्या खोलीत वुड्स लॅम्प या अतिनील किरणांच्या दिव्याखाली अंगावरचे एरवी न दिसणारे डागही उजळून दिसतात. त्यावरून मलम द्यायचं की लाइट थेरपी, ते ठरवता येतं. दुकानातून स्टिरॉइडचं मलम स्वतःहून आणू नका.

मुलीचं म्हणाल, तर रसायनानं पडलेला डाग आईकडून लेकीकडे जात नाही. आणि समजा कोड निघालंच, तरी ते स्पर्शानं पसरत नाही, कुष्ठरोगाशी त्याचा संबंध नाही, आणि कोड असलेल्यांच्या बहुतेक मुलांना ते होतही नाही. मुलगीही तीच टिकली लावत असेल तर तिचीही आत्ताच थांबवा. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना टिकल्यांचं पाकीट आणि ती चप्पल पिशवीत घालून न्या.