लव्हाळा म्हणावं की मोथा?

प्रश्न असा आहे: तळ्याच्या काठी गुडघाभर उंचीची, टोकाला तपकिरी तुरे असलेली, गवतासारखी वनस्पती दिसली. पुस्तकात अशा वनस्पतींना ‘सेज’ म्हटलंय. मराठीत तिला लव्हाळा म्हणायचं की मोथा?

शेतीच्या बोलीत हे दोन्ही शब्द बहुधा एकाच वनस्पतीसाठी येतात. हरळी-कुंद्यासारखं चिवट तण, म्हणजे सायपरस रोटंडस. पण ‘महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे शेतातलं तण नसतं, पाण्याकाठी वाकून पुन्हा उभं राहणारं काहीतरी असतं. लव्हाळा हा शब्द असा आधीपासूनच ऐसपैस आहे. म्हणून सायपरेसी, म्हणजे ‘सेज’च्या कुळातल्या पाणथळ वनस्पतींना तो खुशाल वापरावा, असं माझं मत आहे. मोथा मात्र जपून वापरावा. त्याची ओळख जमिनीखाली असते: बारीक, काळपट, सुगंधी कंद आणि त्यांना एकमेकांशी जोडणारे धागे. संस्कृतातल्या ‘मुस्ता’वरून आलेला हा शब्द त्या कंदासाठीच आयुर्वेदात टिकला.

पण मुळात ती वनस्पती त्या कुळातली आहे का, हे आधी पाहायला हवं. दांडा चिमटीत धरून फिरवा. तीन कडा बोटांना लागल्या, दांडा आतून भरीव निघाला आणि त्यावर पेरं नसली, तर लव्हाळ्याची शक्यता दाट. गवताचा दांडा सहसा गोल, पोकळ आणि पेरांचा असतो. वरून बुंध्याकडे पाहिलं तर गवताची पानं दोन रांगांत दिसतात, लव्हाळ्याची तीन. शिवाय लव्हाळ्याच्या पानाचा तळ दांड्याभोवती बंद नळीसारखा असतो. गवतात तो बहुधा एका बाजूने उघडा असतो.

याला अपवाद आहेत. एलिओकॅरिस या लव्हाळ्यांच्याच एका गटात दांडा अनेकदा गोल असतो, पानं जवळपास नसतातच आणि टोकाला एकच कणीस. तेव्हा नुसत्या कडांवर विसंबू नका. जाड, मखमली, तपकिरी कणसाचं पाणकणीस मात्र वेगळ्या कुळातलं, त्याला लव्हाळा म्हणू नये.

जात ठरवायला पिकलेलं फळ आणि भिंग लागतं, विशेषतः केरेक्स या लव्हाळ्यांच्या गटात, कारण तिथे फळाभोवतीच्या पिशवीचा आकार निर्णायक ठरतो. तुऱ्याचा, त्याखालच्या पानांचा आणि बुंध्याचा जवळून फोटो घ्या. नाव पक्कं होईपर्यंत नोंदीत ‘लव्हाळा, जात अनिश्चित’ एवढं लिहिलं तरी ते बरोबरच आहे.