सेनापतीला काय माहीत नसते

प्रिय तरुण लेखकमित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुमची कथा हाती पडून पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण ती मी दोनदा वाचली, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. मंगळावर राजधानी असलेले साम्राज्य, शनीच्या टायटन या उपग्रहावर झालेला उठाव आणि तो मोडून काढायला निघालेल्या चारशे जहाजांच्या आरमाराचा प्रमुख, हा सगळा पसारा तुम्ही धीटपणे मांडला आहे आणि भाषाही स्वच्छ आहे. तरीही वाचून झाल्यावर तुमचा सेनापती माझ्या लक्षात राहिला नाही. त्याचा काळा झगा राहिला, करडा आवाज राहिला, चुकलेल्या अधिकाऱ्याला तो जागीच ठार मारतो तो प्रसंगही राहिला. माणूस मात्र निसटला.

याचे कारण मला असे वाटते की त्याला सगळे माहीत असते. भल्यामोठ्या पडद्यासमोर तो उभा राहतो, शत्रूचे प्रत्येक जहाज त्याला त्या क्षणी जिथे असेल तिथेच दिसते, आणि त्याचा हुकूम तोंडातून निघताच चारशे जहाजांवर अमलात येतो. असा सेनापती कोणत्याही आरमाराला कधी लाभलेला नाही, आणि अंतराळात तर तो लाभणेच शक्य नाही.

मी आयुष्याची सव्वीस वर्षे मालवाहू जहाजांवर रेडिओ अधिकारी म्हणून काढली. खलाशी आम्हाला ‘मार्कोनीसाहेब’ म्हणत. माझ्या खोलीत भिंतीवर एक घड्याळ होते आणि त्याच्या तबकडीवर दोन लाल पट्टे रंगवलेले होते. दर तासाला पंधरा ते अठरा आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस या मिनिटांत ५०० किलोहर्ट्झवर कुणीही संदेश पाठवायचा नाही, सगळ्यांनी फक्त ऐकायचे, म्हणजे एखाद्या बुडत्या जहाजाची क्षीण हाक इतरांच्या गलबल्यात हरवणार नाही, असा तो नियम होता. त्या तीन मिनिटांत कानाला हेडफोन लावून बसले की समुद्र किती मोठा आहे आणि आपल्याला त्यातले किती थोडे कळते, याची जाणीव होत असे. तुमच्या सेनापतीला ही जाणीव एकदा तरी व्हायला हवी.

आधी हिशेब पाहू. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो आणि रेडिओ संदेशही त्याच वेगाने जातो. ग्रहांच्या स्थितीप्रमाणे मंगळापासून शनीपर्यंत एका बाजूचा निरोप पोहोचायला सुमारे एक ते दीड तास लागतो. म्हणजे तुमच्या सम्राटाने विचारलेल्या साध्या प्रश्नाचे उत्तर त्याला लवकरात लवकर दोन तासांनी मिळेल. नवव्या प्रकरणात सम्राट आणि सेनापती समोरासमोर बसल्यासारखे भांडतात, ते भांडण त्यामुळे होऊच शकत नाही. ते तसे होत नाही याचे मला दुःख नाही. उलट तिथेच तुमची खरी कथा आहे. ज्या धन्याचा संताप दीड तास उशिरा पोहोचतो, त्याच्या चाकराला त्या दीड तासापुरते स्वतःचे मत असते.

आता लढाईकडे वळू. शत्रू ५ कोटी ४० लाख किलोमीटर दूर आहे असे धरा, म्हणजे तीन प्रकाशमिनिटे. सेनापतीला जे जहाज दिसते आहे ते तीन मिनिटांपूर्वीचे आहे. त्याने त्या क्षणी लेझर सोडला तरी तो पोहोचायला आणखी तीन मिनिटे लागणार. एवढ्या सहा मिनिटांत शत्रूच्या जहाजाने पृथ्वीवरच्या गुरुत्वाकर्षणाइतक्या त्वरणाने नुसती बगल दिली, तरी ते अपेक्षित जागेपासून सुमारे ६३५ किलोमीटर बाजूला गेलेले असेल. तेव्हा इतक्या अंतरावरून नेम धरणे म्हणजे शत्रूच्या जहाजावर नव्हे, शत्रूच्या स्वभावावर नेम धरणे. हा कप्तान डावीकडे वळणारा आहे की घाबरून सरळ पळणारा, एवढे ओळखण्याचे कसब ज्याच्याकडे आहे तो मोठा सेनापती. तुमच्या कथेत या कसबाचा एकही प्रसंग नाही, आणि तोफा मात्र पानोपानी धडाडतात. (निर्वात पोकळीत आवाज होत नाही हे तुम्हाला ठाऊक असणार, लिहिण्याच्या भरात राहून गेले असेल. जहाजांची उष्णता लपवता येत नाही, तेव्हा बाराव्या पानावरचा तो दबा धरून बसलेला तांडाही काढून टाका.)

उशीर निसर्गामुळे होतो. आंधळेपणा मात्र साम्राज्य स्वतःच्या हाताने निर्माण करते. यासाठी तुम्ही कल्पनेच्या आधी इतिहास वाचावा असे मी सुचवेन, आणि त्यातही रशियन सेनापती रोझेस्तवेन्स्की याची सफर. जपानशी लढण्यासाठी १५ ऑक्टोबर १९०४ रोजी तो बाल्टिक समुद्रातल्या लिबाऊहून निघाला. आठवडाभरातच उत्तर समुद्रात, डॉगर बँकपाशी, त्याच्या जहाजांनी रात्रीच्या अंधारात मासेमारी करणाऱ्या इंग्रज बोटींवर तोफा डागल्या, कारण त्या जपानी टॉर्पेडो बोटी आहेत असे त्यांना वाटले. जपान तिथून अर्ध्या जगाच्या अंतरावर होते. कोळी मेलेच, शिवाय त्या गोंधळात स्वतःच्याच ‘अरोरा’ या क्रूझरवरही गोळे पडले. भीतीने भरलेल्या आरमाराला काय काय दिसते, याचे इतके बोलके उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

पुढचे सात महिने हे आरमार जर्मन जहाजांकडून कोळसा घेत, तो डेकवर ढिगांनी रचत, सुमारे ३३ हजार किलोमीटर चालत राहिले. जपान्यांनी वेढलेल्या ज्या पोर्ट आर्थर या रशियन नाविक तळाच्या सुटकेसाठी ते निघाले होते ते २ जानेवारी १९०५ रोजी पडले, तेव्हा ही जहाजे मादागास्करच्या परिसरात होती. जाण्याचे कारण संपले, तरी जाण्याचा हुकूम कायम होता. तुमच्या सेनापतीला असा एखादा हुकूम द्या. शत्रूच्या तोफांपेक्षा तो त्याला अधिक जड जाईल.

शेवटच्या काही दिवसांत जे घडले त्यावर माझे मन पुन्हा पुन्हा जाते. रोझेस्तवेन्स्कीचा दुय्यम अधिकारी फेल्करझाम आजारी होता आणि लढाईच्या दोन-तीन दिवस आधी तो मरण पावला. लोकांचा धीर सुटेल म्हणून ही बातमी दडवण्यात आली. ‘ओस्लाब्या’ या जहाजावर त्या मेलेल्या माणसाचे निशाण तसेच फडकत राहिले, आणि आता आपण दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी झालो आहोत हे तिसऱ्या सेनानीला, नेबोगातोवला, कुणी कळवलेच नाही. २७ मे १९०५ रोजी त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत लढाई सुरू झाल्यावर थोड्याच वेळात ‘ओस्लाब्या’ बुडाले, रोझेस्तवेन्स्की जबर जखमी झाला, आणि एवढे मोठे आरमार कित्येक तास कुणाच्याच हुकमाखाली नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलीसुरली जहाजे नेबोगातोवने शरण दिली आणि त्यासाठी पुढे त्याच्यावर खटला चालला.

हे वाचताना मला माझ्याच खिशातली एक तार आठवते. आमच्या जहाजावर देवगडकडचा एक तेलवाला, म्हणजे इंजिनाला तेल घालणारा कामगार, होता. एका संध्याकाळी त्याची आई गेल्याची तार मी उतरवून घेतली आणि नियमाप्रमाणे आधी कप्तानाकडे नेली. त्यांनी ती वाचली, घडी घालून मला परत दिली आणि म्हणाले, “बंदर पाच दिवसांवर आहे. इथे कळून तो करणार काय? राहू दे.” कप्तान दुष्ट नव्हते, त्यांचा विचारही अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. पण तो तेलवाला रोज पाळी संपली की हात पुसत माझ्या दाराशी येई आणि विचारी, “साहेब, घरचं काय?” आणि शर्टाच्या खिशात तार असताना मी पाच दिवस “काही नाही” म्हणत राहिलो. बंदरात तार हातात दिली तेव्हा त्याने आधी तिच्यावरची तारीख पाहिली. तो बोलला काहीच नाही, मात्र उरलेल्या सफरीत माझ्या दाराशी पुन्हा आला नाही.

बातमी दडवणाऱ्याला वाटते की आपण शांतता राखली. प्रत्यक्षात त्याने विश्वास खर्चून टाकलेला असतो, आणि तो कधी संपला हे त्याला शेवटी कळते. तुमच्या कथेत चुकलेल्या अधिकाऱ्याला ठार मारण्याचा जो प्रसंग आहे, तो सध्या केवळ दरारा दाखवण्यासाठी येतो. तो ठेवा, पण त्याचा परिणाम पुढे न्या. त्या दिवसानंतर या माणसाला वाईट बातमी कोण सांगणार? इंधन कमी असल्याचे, एका जहाजावर आजार पसरल्याचे, टेहळणी करणारे यान परतले नसल्याचे त्याला कोण कळवणार? तिथून पुढे त्याच्या पडद्यावर जे दिसेल ते हाताखालच्या लोकांनी घासूनपुसून ठेवलेले चित्र असेल.

दरबारी कचेऱ्यांचा आंधळेपणा तर याहूनही मजेदार असतो. ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या लढाईआधी ब्रिटिश आरमाराचा प्रमुख जेलिको याला लंडनहून कळवण्यात आले की जर्मन सेनापतीचे जहाज अजून बंदरातच आहे. झाले होते असे, की गुप्त संदेश उलगडणाऱ्या विभागात एक अधिकारी आला आणि ‘डीके’ ही जर्मन सेनापतीची रेडिओवरची ओळखखूण कुठून ऐकू येते, एवढेच विचारून गेला. उत्तर मिळाले की याडेच्या खाडीतून, म्हणजे जर्मन आरमाराच्या तळावरून, आणि ते खरेही होते. मात्र जर्मन सेनापती समुद्रावर निघाला की ती खूण किनाऱ्यावरच ठेवून जातो, हे त्या खोलीतल्या मंडळींना चांगले माहीत होते. त्यांना तो प्रश्न कुणी विचारलाच नाही. काही तासांनी ते ‘बंदरातले’ आरमार जेलिकोच्या समोर उभे ठाकले. पुढे रात्री त्याच कार्यालयाने जर्मनांच्या परतीच्या वाटेची खरी बातमी पाठवली, तेव्हा तिच्यावर त्याचा विश्वास बसला नाही. तुमच्या मंगळावरच्या राजधानीत असे एखादे कार्यालय नक्की असेल. त्याला दोन पाने द्या. लढाईची चार पाने कमी झाली तरी चालतील.

शब्दांविषयी थोडे. ‘फ्लीट कमांडर’ हे दोन शब्द तुम्ही इतक्या वेळा वापरले आहेत की वाचताना जीभ अडखळते. कान्होजी आंग्र्यांचा ‘सरखेल’ हा किताब आपल्याकडे आहे. आरमार, तांडेल, खलाशी हे शब्द अजून जिवंत आहेत. त्यांतला एखादा घ्या, सगळे मात्र घेऊ नका, नाहीतर मंगळावर विजयदुर्ग उभा राहील.

आपल्या आरमारी परंपरेतून शब्दांपेक्षा मोलाची एक गोष्ट मात्र अवश्य घ्या. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे प्रकरण आहे. ज्याजवळ आरमार त्याचा समुद्र, हे त्यातले वचन सगळे सांगतात. पण त्याच प्रकरणात लाकडाविषयी जे लिहिले आहे ते माझ्या मते अधिक खोल आहे. आंबा-फणसाची लाकडेही आरमाराच्या कामाची आहेत, पण त्यांना हात लावू देऊ नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा त्याचा आशय आहे. जहाज बांधणाऱ्या राज्याने जहाज कशातून येते ते आठवावे, एवढा विचार एका राजकारणी माणसाने तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवला. तुमची चारशे जहाजे कशातून आली? त्यांचे इंधन कुणाच्या वाट्याचे होते? टायटनवरचा उठाव तुम्ही ‘स्वातंत्र्याच्या ओढीने’ झाला असे एका ओळीत सांगून मोकळे झाला आहात. तो इंधनाच्या वसुलीतून झाला असेल, आणि ती वसुली याच आरमारासाठी होत असेल, तर तुमचा सरखेल ज्यांना मोडायला निघाला आहे त्यांच्याच जिवावर तिथवर पोहोचतो आहे. हे त्याला ठाऊक नसावे, आणि कथेत एका क्षणी ते कळावे, तेही एखाद्या क्षुल्लक कागदावरून, माल भरल्याच्या पावतीवरून वगैरे.

हस्तलिखित वेगळ्या पाकिटातून परत पाठवत आहे. समासात बऱ्याच खुणा आहेत. त्यांतल्या निम्म्या पटल्या नाहीत तरी हरकत नाही. आठव्या पानावरची खूण तेवढी नीट पाहा. तिथे संदेश घेऊन येणारा एक पोरगेलासा निरोप्या आहे, तो आत येतो, सलाम करतो, कागद देतो आणि निघून जातो. त्याला तुम्ही नावसुद्धा दिलेले नाही. त्याला नाव द्या, हातातल्या कागदावर काय लिहिले आहे ते त्याला वाचू द्या, आणि दार उघडण्याआधी त्याला थोडा वेळ बाहेरच उभा राहू द्या.

आपला,
एक जुना मार्कोनीसाहेब