मंगळावरच्या गाडीचा ड्रायव्हर कुठे बसतो? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात मंगळावर फिरणाऱ्या गाडीबद्दल, म्हणजे रोव्हरबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा आणि मेसेजेसचा नुसता ढीग लागलाय. सगळं छापायचं तर आख्खा अंक त्यातच जाईल, म्हणून निवडक घेतलेत, तेव्हा आपलं पत्र दिसलं नाही तर रुसू नका.

प्रश्न: माझा नातू मोबाईलवर एक गेम खेळतो, त्यात मंगळावरची गाडी बटणं दाबून पळवतो. खरी गाडीपण नासावाले अशीच स्क्रीनसमोर बसून चालवतात का? (एक आजोबा, सांगली)

नाही आजोबा, आणि चालवायची म्हटली तरी जमायचं नाही. मंगळ आपल्या अगदी जवळ येतो तेव्हाही साडेपाच कोटी किलोमीटरवर असतो आणि लांब गेला की चाळीस कोटी. रेडिओ सिग्नल प्रकाशाच्या वेगाने जातो तरी त्याला एका बाजूने ३ ते २२ मिनिटं लागतात. म्हणजे नातवाला स्क्रीनवर खड्डा दिसला तो फोटोच मुळात शिळा, त्यावर त्याने ब्रेक दाबला तो पोचायला अजून तेवढाच वेळ, तोवर गाडी खड्ड्यात जाऊन वर धूळसुद्धा बसलेली असायची.

मग करतात काय, तर दिवसभराचं सगळं आधीच लिहून पाठवतात. आई दोन दिवस गावाला जाताना फ्रीजवर चिठ्ठी लावून जाते ना, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद, दूधवाला नाही आला तर कोपऱ्यावरून पिशवी आण, अगदी तसं. मंगळावर दुपार कलली की रोव्हर दिवसभराचे फोटो आणि आकडे डोक्यावरून जाणाऱ्या एखाद्या ऑर्बिटरला, म्हणजे मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाला देतो, तो ते पृथ्वीकडे पाठवतो, आणि कॅलिफोर्निया, स्पेन नाहीतर ऑस्ट्रेलिया, ज्याच्या समोर मंगळ असेल तिथला मोठा अँटेना ते पकडतो. मग रोव्हर रात्री झोपतो आणि इकडे कॅलिफोर्नियात जेपीएल म्हणून नासाची लॅब आहे तिथली माणसं कामाला लागतात. रोव्हरला आपल्यासारखे दोन डोळे, म्हणजे जोडीने लावलेले कॅमेरे असतात, त्या दोन फोटोंवरून कॉम्प्युटरवर समोरची जमीन उंचसखल अशी उभी करतात आणि तिच्यावर खोटा रोव्हर चालवून बघतात. ही जमीन खोलीसकट दिसावी म्हणून खास चष्मे असतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये क्युरिऑसिटी नावाच्या रोव्हरच्या टीमला घरून काम करायची वेळ आली, ते महागडे चष्मे आणि त्यांना लागणारे तगडे कॉम्प्युटर काही घरी नेता येईनात, तेव्हा या लोकांनी चक्क लाल-निळ्या काचांचे कागदी चष्मे लावून मंगळावरची गाडी हाकली. मला तर हे वाचून भलताच आनंद झाला होता.

चिठ्ठीत काय असतं ते सांगतो, म्हणजे कोडमध्ये असतं पण साध्या मराठीत सांगायचं तर: त्या काळ्या दगडाच्या उजवीकडून ४० मीटर जा, मग डावीकडे वळ, चाकं फिरतायत पण पुढे सरकत नाहीयेस असं झालं तर थांब, अंग ठरलेल्यापेक्षा जास्त कललं तर थांब, नकाशावर लाल खूण केलेल्या तुकड्यात शिरायला लागलास तर थांब, अमुक वाजले की असशील तिथे थांब, आणि थांबलास की तोंड अमुक दिशेला करून उभा राहा. ही शेवटची अट उगाच नाही बरं का. तोंड चुकीच्या दिशेला राहिलं तर रोव्हरचाच एखादा भाग अँटेनाच्या आड येतो आणि संध्याकाळच्या ऑर्बिटरला कमी डेटा जातो, मग दुसऱ्या दिवशीचा प्लॅन करायला हातात काहीच नाही. बघा, ‘जा’ एकदाच आहे आणि ‘थांब’ चारदा. या लोकांची खरी डोकेफोड त्या थांबण्यातच असते असं माझं मत आहे.

प्रश्न: वाटेत मोठा दगड आला तर रोव्हरला कसं कळतं? त्याला कोणीतरी सांगतं का? (इयत्ता आठवी, नाशिक)

छान विचारलंस. हे तीन तऱ्हांनी चालतं. पहिली म्हणजे डोळे मिटून. फोटोत जेवढी जमीन इथल्या माणसांना स्पष्ट दिसली तेवढ्यापुरतं ‘चाकं इतके वेळा फिरव’ एवढंच सांगायचं, हे झटपट होतं. दुसरी तऱ्हा म्हणजे थोडं जाऊन मागेपुढे बघायचं, मघाशी तो खडा इथे होता, आता तिथे दिसतोय, म्हणजे मी खरंच एवढा सरकलो का, की नुसती चाकं फिरली. नुसत्या सपाट वाळूत बघायला खडेच नसतात ना, म्हणून क्युरिऑसिटीच्या चाकांना मुद्दाम भोकं पाडलीत, ती वाळूवर ठशासारखी उमटतात आणि एका ठशापासून पुढच्या ठशापर्यंत अंतर मोजता येतं. गंमत म्हणजे ती भोकं मोर्स कोडमध्ये, म्हणजे टिंब आणि रेघांच्या लिपीत आहेत आणि वाचली तर जे, पी, एल अशी अक्षरं निघतात! लॅबवाल्यांनी मंगळभर स्वतःचं नाव छापून ठेवलंय बघ.

तिसऱ्या तऱ्हेत रोव्हर स्वतःच वाट शोधतो. त्याला फक्त कुठे पोचायचं ते सांगायचं. जुना ऑपॉर्च्युनिटी रोव्हर यासाठी थांबायचा, फोटो काढायचा, विचार करायचा, मग एक पाऊल, परत थांबायचा, म्हणजे फारच रटाळ. २०२१ मध्ये उतरलेल्या पर्सिव्हरन्सला फोटोंचा हिशोब करायला वेगळा कॉम्प्युटरच दिलाय त्यामुळे तो चालता चालता विचार करतो, आणि त्याच्या एकूण प्रवासातला जवळपास ९० टक्के भाग त्याने असा स्वतः वाट तपासत केलाय. १९ जून २०२५ ला तर एका दिवसात ४११ मीटर गेला, तो त्याचा तेव्हाचा विक्रम.

प्रश्न: अब्जावधी डॉलर घालून बनवलेली गाडी दिवसाला शे-दोनशे मीटर जाते आणि त्याचं कौतुक करायचं? आमच्या पार्किंगमधली गाडी पण रिव्हर्सला याहून जोरात जाते. (एक सॉफ्टवेअर इंजिनिअर, पुणे)

साहेब, तुमची गाडी रुतली तर मागून चार पोरं धक्का मारतात, तिथे कोण मारणार?

ऑपॉर्च्युनिटीची गोष्ट सांगतो. एप्रिल २००५, सपाट मैदान, तोवर मस्त चाललेलं, एका दिवसात २२० मीटरपण मारून झालेले, त्यामुळे टीम जरा बिनधास्त झाली असावी. त्या दिवशी ९० मीटर जायचं ठरलेलं आणि ते डोळे मिटून. वाटेत वाळूची एक लाट आली, गुडघ्याएवढीपण नसेल, तिच्यात सहाही चाकं रुतली. पण चिठ्ठीत ‘घसरतोयस का बघ’ असं लिहिलंच नव्हतं! रोव्हर आपला इमानेइतबारे चाकं फिरवत राहिला आणि प्रत्येक फेऱ्याला अजून खाली गेला. दुसऱ्या दिवशी फोटो आले तेव्हा चाकं जवळजवळ पूर्ण वाळूत. मग लॅबमध्ये तशी वाळू तयार करून तिच्यात दुसरा रोव्हर रुतवून बघितला, आणि रोज थोडं थोडं करत ४ जूनला तो बाहेर काढला. साधारण एक मीटर सरकायला चाकं १९२ मीटर जाण्याएवढी फिरवावी लागली. त्यानंतर असल्या जमिनीवर अधूनमधून थांबून घसरण तपासायची हे प्लॅनमध्ये आलं ते आलंच.

त्याचा जुळा भाऊ स्पिरिट २००९ मध्ये असाच वरून कडक आणि खालून भुसभुशीत अशा जमिनीत फसला, तो मात्र निघालाच नाही. मार्च २०१० नंतर त्याचा आवाज नाही.

आणि क्युरिऑसिटीची चाकं. ॲल्युमिनियमची, अर्धा मीटर व्यासाची, पण पत्रा फक्त पाऊण मिलिमीटर जाड, वजन वाचवायचं म्हणून. वाटलं होतं वाळू लागेल, लागले जमिनीत घट्ट रुतून बसलेले टोकदार दगड. सुटा दगड चाकाखाली सरकतो हो, हा सरकत नाही, आणि मागची चाकं पुढच्याला त्याच्यावर ढकलत राहतात. २०१३ च्या शेवटी फोटोत भोकं दिसायला लागली. मग लांबचा वळसा घ्यायचा, ऑर्बिटरच्या फोटोंवरून मऊ जमीन शोधायची, २०१४ मध्ये तर शंभर मीटर रिव्हर्समध्ये नेला (तुमच्या पार्किंगसारखाच, फक्त सावकाश), आणि २०१७ मध्ये दगडावर चढणाऱ्या चाकाचा वेग आपोआप जुळवून घेणारं सॉफ्टवेअर इथून पाठवलं. तुमच्या लाईनमधलंच काम आहे, म्हणून सांगतो, बग सापडला तर सर्व्हर रिस्टार्ट करायला जाता येत नाही. ९० दिवसांसाठी पाठवलेला ऑपॉर्च्युनिटी अशा सावकाशीनेच २०१८ पर्यंत चालला आणि ४५ किलोमीटर गेला, मॅरेथॉनपेक्षा जास्तच.

प्रश्न: मी हॉस्पिटलात शिफ्ट ड्युटी करते. या लोकांची ड्युटी कशी असते? (एक नर्स, डोंबिवली)

ताई, तुमच्यापेक्षा वाईट. मंगळाचा दिवस आपल्याहून ३९ मिनिटं ३५ सेकंदांनी मोठा, त्याला ते सोल म्हणतात. रोव्हर झोपला की यांची ड्युटी सुरू, म्हणजे ड्युटी रोज ४० मिनिटं पुढे सरकते, आज सकाळी आठला तर दोन आठवड्यांनी संध्याकाळी पाचला. सुरुवातीचे तीनेक महिने टीम खरंच मंगळाच्या घड्याळावर जगते, २००४ मध्ये काहींनी मुद्दाम सावकाश चालणारी मनगटी घड्याळं बनवून घेतली होती. उद्या म्हणायचं की ‘उद्याचा सोल’ म्हणायचं यात घोळ व्हायला लागला म्हणून त्यांनी कालचा सोल, आजचा सोल यांना वेगळे शब्दच पाडले.

नंतर मात्र घरदार असतं ना, सगळे दिवसपाळीवर येतात. त्याचा फटका असा की काही दिवस यांची सकाळ झाली तरी रोव्हरचा दिवस संपलेलाच नसतो, डेटा नाही. मग दोन सोलचा प्लॅन एकदम पाठवतात, शुक्रवारी शनिवार-रविवार धरून तीनचा, आणि त्यात गाडी बहुतेक एकदाच हलवतात कारण एकदा हलली की नक्की कुठे उभी आहे ते फोटो येईपर्यंत माहीत नसतं. कधी कधी तर सगळं नीट होऊन एक चाक नेमकं गोट्यावर चढून उभं राहिलेलं निघतं. तशात यांत्रिक हात बाहेर काढला आणि रोव्हर घसरला तर हातच मोडायचा, म्हणून त्या दिवशीचं दगड घासायचं, ड्रिल करायचं काम रद्द. एका गोट्यापायी!

प्रश्न: आमच्या लोणारचा मंगळाशी संबंध आहे असं गाईड सांगतात, खरं का? आणि चांद्रयान-३ मधल्या आपल्या प्रज्ञान रोव्हरलाही असंच चालवलं का? (एक शिक्षक, बुलढाणा)

खरं आहे सर. लोणारचं विवर उल्का आदळून झालं आणि तेही बसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडात, आणि मंगळाची जमीनही बरीचशी बसाल्टचीच, त्यामुळे अभ्यासाला ते सोयीचं पडतं. मंगळावरच्या एका विवराला लोणार हेच नाव दिलंय, पोरांना वर्गात नक्की सांगा.

प्रज्ञानचं म्हणाल तर चंद्र जवळ, सिग्नल सव्वा सेकंदात पोचतो, तरीपण जॉयस्टिक नव्हतीच. फोटो बघायचा, वाट ठरवायची, कमांड द्यायची. २७ ऑगस्ट २०२३ ला त्याला तीन मीटरवर चार मीटर रुंद खड्डा दिसला, तर इस्रोने आल्या वाटेने मागे फिरायला सांगितलं आणि दुसरी वाट धरली. दहा-बारा दिवसांत शंभर मीटर गेला तो.

एका वाचकाने विचारलंय की चाकांऐवजी पाय का लावत नाहीत. प्रश्न भारी आहे पण पान संपलं, पुढच्या अंकात घेतो.